उरलेले सातवे पान

शनिवार, ८ जुलै २००६. दुपारचे दोन वाजून पाच मिनिटे. मैदानात प्रेक्षक आठशे बारा, आणि निवेदकाच्या खोलीत एल्डन प्रूइट यांच्यासमोर कागद नऊ!

तंत्रविद्यालयात एकतीस वर्षे यंत्ररेखन शिकवून निवृत्त झालेल्या प्रूइटसरांनी हॅलस्टन मस्करॅट्स या आपल्या गावच्या बेसबॉल संघाचा साठ वर्षांचा इतिहास लिहिला होता. नऊ इनिंग, नऊ पाने. प्रत्येक इनिंगच्या आधी एक पान, बरोबर नव्वद सेकंदांत!

"डोरीन, यात चूक व्हायला जागाच नाही!" शेजारी बसून फळ्यावरचे आकडे बदलणाऱ्या डोरीनला त्यांनी बजावले होते.

सहा पाने घड्याळाबरहुकूम पार पडली. सरांनी सातवे उचलले. १९५७ साल, रॉय स्टॅकपोलची नो-हिटर: अख्ख्या सामन्यात पाहुण्यांना एकही हिट, म्हणजे तळ गाठून देणारा टोला, न देण्याचा, साठ वर्षांत एकदाच घडलेला पराक्रम. तो ऐकण्यासाठी दिवंगत रॉयच्या पत्नी, शहाऐंशी वर्षांच्या व्हर्नाकाकू, नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

डोरीनने सरांचे मनगट धरले. "सर, फळा बघा. बोलू नका, नुसता बघा!"

पाहुण्यांच्या नावापुढे हिट शून्य! खाली चेंडू टाकणारा आपला पिचर कोल्बी बाकावर एकटाच बसला होता, वाळीत टाकल्यासारखा. नो-हिटर चालू असताना पिचरशी बोलायचे नाही आणि तो शब्द तर उच्चारायचाच नाही, हे हॅलस्टनचे शेंबडे पोरही जाणते. उच्चारला की पुढच्याच चेंडूवर हिट! १९८८ साली एका न्हाव्याने आठव्या इनिंगला तो उच्चारला होता. सप्टेंबरात त्याला दुकान शेजारच्या गावी हलवावे लागले.

त्यांनी घाईघाईने आठवे पान ओढले.

"१९६५चा महापूर. स्टॅकपोलच्या त्या... त्या..."

अरे देवा! एकही पान सुटे नव्हते. पद्धतशीर माणसाने प्रत्येकाची सुरुवात मागच्याला जोडून ठेवली होती!

"...त्या गोष्टीनंतर आठ वर्षांनी नदी मैदानात आली."

आठव्या इनिंगआधी त्यांनी नववे पान वाचले. ते नव्या स्वच्छतागृहांच्या उद्घाटनाचे होते. लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या.

नवव्या इनिंगआधी मात्र हातात एकच कागद उरला. सातवा! धावफलक अजून शून्य-शून्य. सरांनी माईक चालू केला, तोंड उघडले आणि मिटले. दहा सेकंद. वीस. कपाळावरचा घाम कागदावर टपकला.

दार धाडकन उघडले. व्हर्नाकाकू!

"एल्डन, मेल्या! संडासांचा इतिहास वाचलास. माझ्या रॉयची नो-हिटर कुठे गेली?"

"काकू, हळू! तो शब्द..."

"कोणता? नो-हिटर? अरे, त्या दिवशी मीच कुंपणावरून ओरडत होते, रॉय, नो-हिटर चाललीय, खांदा ढिला सोड म्हणून! भुताला भितात तशी भिताय सगळी!"

"सर..." डोरीनचे बोट माईकच्या लाल दिव्याकडे होते.

आठशे अकरा माना एकदम वर वळल्या. कोल्बीच्या हातातून चेंडू निसटला. त्याने उचलला. पुन्हा निसटला. सरांनी मनातल्या मनात घर विकायला काढले.

कोल्बी इतका भ्यायला, की त्याने चेंडू फलंदाजाच्या आसपास फिरकूच दिला नाही! चार चेंडू बाहेर, आणि पहिला फलंदाज एकही टोला न मारता फुकट चालत पहिल्या तळावर. दुसराही फुकट. तिसराही. चौथा चालत आला तेव्हा तिन्ही तळ भरलेले. साहजिकच सर्वांत पुढच्याला घरी, म्हणजे शेवटच्या तळावर, सरकावे लागले. एक धाव! मग तीन सोपे झेल, तिघे बाद आणि पाहुण्यांची पाळी संपली. त्यानंतर मस्करॅट्स खेळायला आले आणि आले तसे परतले.

"लागली का एक तरी हिट?" व्हर्नाकाकूंनी विजयाने विचारले. "वाच आता माझं पान!"

रिकाम्या होत चाललेल्या मैदानाला सरांनी ते वाचून दाखवले.

पाहुणे: हिट शून्य, धावा एक. मस्करॅट्स: हिट अकरा, धावा शून्य.