इतिवृत्त कायम होईपर्यंत

आमच्या वाचनालयातलं कागदी पुस्तक घरी नेलं तर त्याची शांतता वाचनालयातच राहते. मोबाइल ॲपवरून घेतलेलं पुस्तक मात्र आपली शांतता बरोबर घेऊन येतं. पुस्तक घेतलं की वाचकाभोवती एका मोठ्या खोलीएवढ्या जागेत कोणताच आवाज होत नाही. परत केलं की पुन्हा होऊ लागतो.

मोरगव्हाण नगरपरिषदेने ॲप नव्याने करायला मला बोलावलं, तेव्हा याची कोणाला अडचण नव्हती, कारण जुन्या ॲपवरून पुस्तक मिळतच नसे. आधी सभासद क्रमांक टाका, मग जामीनदाराचा क्रमांक टाका, मग जामीनदाराच्या फोनवर आलेला ओटीपी टाका. बहुतेकांचे जामीनदार वारलेले होते.

मी बाहेरच्या देशात शिकून नुकतीच परतले होते. वाचन हा कोणाचा उपकार नसून प्रत्येकाचा हक्क आहे, असं माझं मत होतं. आजही आहे. तसं पोस्टरच मी बसस्थानकावर लावलं. मधले सगळे टप्पे काढून टाकले आणि दोन बटणं ठेवली: 'घ्या' आणि 'परत करा'.

गाव वाचू लागलं. एका वरातीत नवरदेवाच्या मावशीने प्रवासवर्णन घेतलं आणि मंडळी डीजेच्या गाडीमागे थेट मांडवापर्यंत नि:शब्द नाचत गेली. भाजीबाजारातल्या बायकांनी भाव सांगितलेला गिऱ्हाइकाला ऐकू जात नाही अशी तक्रार केली, तेव्हा वाचकांनी कांदे बघताना पुस्तक परत करावं, अशी सूचना मी ॲपमध्ये घातली. ती बऱ्यापैकी पाळली गेली.

तक्रार घेऊन दीपाली उईकेही आली. ती वाचनालयाच्या अभ्यासिकेत खिडकीजवळ बसून तलाठी भरतीचा अभ्यास करायची.

"ताई, तुमचं ॲप घरी नाई चालत."

"का? सोपं नाही वाटत?"

"सोपं हाय न, तेच तर. काल म्या पुस्तक घेतलं. बाबा मागं खाटेवरून पाणी मागून राहिले होते. मले आयकूच नाई आलं. आई कामावरून आली तवा समजलं."

"मग आता?"

"मग काय. आमची एकच खोली. तिथं शांतता आली की बाबाले जागा उरत नाई. ती इथं अभ्यासिकेतच बरी."

मुख्याधिकारी गावंडे यांनी मात्र वेगळा निष्कर्ष काढला. शांतता आता घरपोच मिळते, तेव्हा वाचनालयाची इमारत पाडून तिथे व्यापारी संकुल बांधावं, असा ठराव त्यांनी आणला. त्यावर जाहीर सभा ठेवली. हरकती तोंडीच मांडायच्या होत्या. लेखी हरकत ग्राह्य धरली जाणार नव्हती.

सभागृह भरलं होतं. गावंडे यांनी ठराव वाचला आणि विचारलं, "कोणाची हरकत आहे का?" दीपाली उभी राहिली. त्याच क्षणी गावंडे यांनी टेबलाखाली अंगठा हलवला. दीपालीचे ओठ हलत राहिले. मागचे लोकही उठले, हात उंचावू लागले. मीही ओरडले, पण काय ओरडले ते मला ऐकू आलं नाही. सगळे दमून खाली बसल्यावर त्यांनी पुन्हा अंगठा हलवला, आणि पंख्याची करकर परत आली.

"एकही हरकत ऐकू आली नाही," गावंडे म्हणाले. "ठराव मंजूर. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम केलं की पाडकाम सुरू."

मी त्यांना जिन्यात गाठलं. "साहेब, हे बरोबर नाही."

"काहून? मी सभासद आहे. पुस्तक घेणं माझा हक्क आहे. तुमच्याच पोस्टरवर वाचलं."

"कोणतं पुस्तक घेतलंत?"

"ते नाही पाहिलं. सगळ्यात वर होतं ते. पण मॅडम, ॲप मस्त झालं. एका अंगठ्यात काम होते."

दीपाली खाली पायरीवर उभी होती. तिने सगळं ऐकलं. "ताई," ती म्हणाली, "इतिवृत्त मोठ्यानं वाचाच लागते न?"

"लागतं. वाचल्याशिवाय कायम होत नाही."

"मग वाचू द्या त्याईले."

पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी गावंडे यांनी मला बोलावलं. आमच्या बेताची कुणकुण त्यांना लागली असावी. "सभागृहात ॲप बंद पडेल, असं एक बटण माझ्यापुरतं करून द्या. पुढच्या वर्षीच्या देखभालीचं काम तुमच्याचकडे ठेवतो."

"असं बटण मी करणार नाही."

"फॉरेनात एवढं शिकल्या, पण व्यवहार नाही शिकल्या."

"नाही शिकले. वाचणाऱ्याच्या हातातून पुस्तक काढून घेणारं ॲप मी करत नाही. काम काढून घ्यायचं तर घ्या."

दुसऱ्या दिवशी सभेला अभ्यासिकेतली सगळी मुलं-मुली आली, रोज पेपर वाचायला येणारी म्हातारी माणसं आली, भाजीवाल्या आल्या. आम्ही रांगा धरून बसलो आणि 'घ्या' दाबलं.

गावंडे इतिवृत्त घेऊन उभे राहिले. त्यांचे ओठ हलले. त्यांनी घसा खाकरल्यासारखं केलं आणि पुन्हा सुरुवात केली. टेबलावर मूठ आपटली, ग्लास पडून फुटला, त्याचाही आवाज झाला नाही. आपला फोन काढून 'परत करा' शोधलं, पण त्यांच्याकडे परत करायला पुस्तक नव्हतं. शेवटी एका कागदावर काहीतरी मोठ्या अक्षरांत लिहून दीपालीसमोर धरलं. तिने ते वाचलं, मान हलवली आणि शेजारीच लिहिलं: 'लेखी चालत नाही, सर.' मग तिने पुस्तकाचं पान उलटलं.

पोलीस आले. त्यांनी आम्हाला उठायला सांगितलं असावं. आम्ही वाचत राहिलो. न ऐकलेला आदेश मोडल्याची नोंद कोणत्या कलमाखाली करायची, हे त्यांना ठरवता आलं नाही, आणि ते गेले.

ॲप बंद करायचं तर ठराव लागतो. माझं काम काढून घ्यायलाही ठराव लागतो. ठरावासाठी सभा बोलवावी लागते, आणि आधीची सभा संपल्याशिवाय नवी बोलवता येत नाही. ती अजून चालू आहे. गावंडे सकाळी येतात, उभे राहतात, ओठ हलवून पाहतात आणि बसतात. आम्ही पाळ्या लावल्या आहेत. पुढचा माणूस येऊन पुस्तक घेतो, मगच आधीचा आपलं परत करून उठतो.

अभ्यासिका सध्या भरलेली असते. दीपाली तिच्या खिडकीजवळ बसते. घरी बाबांनी हाक मारली की ती शेजाऱ्यांना ऐकू जाते.

माझी पाळी मंगळवारी असते. मी सगळ्यांत जाड पुस्तक घेते.