छाटलेल्या आकड्यांची साखळी

सुज्ञ वाचकहो, पुढील कथेत तीनशे कागद, एक सुरी आणि मनुष्यबुद्धीस थक्क करून सोडणारी एक साखळी यांचा वृत्तांत यथाक्रम निवेदन केला जाईल. 'यथाक्रम' हा शब्द येथे विचारपूर्वक योजला आहे, कारण सर्व अनर्थ क्रमापायीच ओढवला.

बाइंडरमामांच्या पुढच्या खोलीत पुस्तकबांधणीचे दुकान आणि मागच्या खोलीत संसार होता. त्यांची भाची संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून त्यांच्याकडेच राहत असे. आभासी चलनाचे व्यवहार ज्या ब्लॉकचेनमध्ये नोंदले जातात, तिचे पहिले तीनशे ब्लॉक ओळीने उतरवून, दर ब्लॉकला एक कागद याप्रमाणे बांधलेली वही तिला त्या दिवशी चारच्या आत परीक्षकांना द्यायची होती. न दिल्यास वर्ष वाया. परीक्षक पडद्यावर दाखवलेले मानीत नसत.

सकाळी तिने आपली स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामांची यादी, सुरू केली आणि ती सही आणायला कॉलेजात गेली. मामांनी प्रिंटरला फक्त कागद पुरवावेत, बाकी कशालाही हात लावू नये, असे तिने दोनदा बजावले.

मामा प्रिंटरपुढे स्टूल घेऊन बसले. कुठल्या कोण माणसांच्या नोंदी, कोणी न आणता, आपल्या खोलीत कागदावर उतरताहेत या विचाराने त्यांचा ऊर भरून आला. मामी कणीक मळता मळता डोकावल्या.

"अहो, शून्य, मग एक, मग एकदम दहा? आणि त्याच्यामागे शंभर?"

"शाळेत गेली होतीस ना? एकं, दहं, शतं. यंत्र शिकलेलं आहे."

पुढे सहस्राच्या जागी एकशे एक आला, तेव्हा मामांनाही खटकले. परंतु एवढी मजल मारणाऱ्या यंत्राला आपण चौथी पास माणसाने काय शिकवावे, म्हणून ते गप्प राहिले.

एवढ्यावर थांबते तर कथा येथेच संपती. मात्र कागदांचा गठ्ठा समोर आला की मामांचे हात शिवशिवत. भाचीचे काम हलके करावे या सद्हेतूने त्यांनी गठ्ठा ठोकून सारखा केला आणि मोठ्या सुरीखाली घालून तिन्ही कडा लोण्यासारख्या छाटल्या. निघालेल्या पट्ट्या रद्दीवाला घेऊन गेला.

एक वाजता भाची परतली. तिने वरचा कागद पाहिला, दुसरा पाहिला.

"मामा, वरचे आकडे कुठे गेले?"

"ते फार कडेला होते गं. पुस्तकाला सुबक समास नको?"

भाचीने सगळा गठ्ठा भराभर चाळला. फायलींची नावे स्क्रिप्टने शब्दकोशासारखी, पहिल्या अंकावरून, लावली होती, त्यामुळे क्रम विस्कटलेला. आणि आता आकडेही गेलेले. प्रिंटरची शाई संपली होती आणि शाईचे दुकान त्या दिवशी बंद. मामांना ब्रह्मांड आठवले. पोरीचे वर्ष आपण सुरीखाली घातले, असे ते पुटपुटले.

 भाचीने डोळे पुसले आणि कागद उजेडात धरला. प्रत्येक ब्लॉकचा एक ठसा असतो, तिने समजावले; अंकांचा आणि अक्षरांचा. स्वतःचा ठसा कागदाच्या तळाशी आणि आधीच्या ब्लॉकचा माथ्याशी. मध्येच कोणी एक अक्षर जरी बदलले तरी पुढची सगळी साखळी तुटते.

"म्हणजे आकडा नसला, तरी प्रत्येकाच्या कपाळावर बापाचं नाव आहे?"

"हो."

"मग रडतेस कशाला? पुस्तकांच्या सुट्या घड्या, फर्मे, क्रमाने जुळवण्यात माझा जन्म गेला."

ज्याच्या माथ्यावर नुसती शून्येच होती, तो आदिपुरुष प्रथम सापडला. मग खाट, ओटा, उंबरा सर्वत्र कागद पसरले. कणकेचे हात धुऊन मामी तळचा ठसा वाचू लागल्या.

"शेपटीला नऊ, डी, चार, बी."

"मुंडकं मिळालं. पुढे."

अडीच वाजता साखळी तुटली. एका शेपटीला मुंडके मिळेना. खाटेखाली पाहिले, कणकेच्या परातीखालीही पाहिले. अखेर मामांनी जीभ चावली. चुरगळून निघालेला एक कागद त्यांनी वाया गेलेला समजून सुरीच्या तळाशी अंथरला होता. त्यावर सुरीचे तीन वळ होते. मात्र तो एकटाच छाटला गेला नव्हता. त्याच्या डोक्यावर आकडा शाबूत होता: एकशे सत्त्याऐंशी.

चारला पाच मिनिटे असताना मामांनी घाईने शिवलेली वही परीक्षकांच्या मेजावर पडली. बोटभर बाहेर डोकावणारा तो कागद पाहून त्यांनी भुवई उंचावली. बाकी आकडे नाहीत, तर क्रम बरोबर कशावरून, असे त्यांनी विचारले. भाची म्हणाली, मोजा. त्यांनी थुंकी लावून त्या कागदापर्यंत एकेक पान मोजले आणि चष्मा काढला.

"हे तर एकशे अठ्ठ्याऐंशीवं आहे."

"सर, मोजणी शून्यापासून आहे."

 मग परीक्षकांनी कुठलीही लागोपाठची दोन पाने उघडून ठसे ताडून पाहिले, आणखी दोन पाहिली आणि पैकीच्या पैकी गुण दिले. पुढच्या वर्षीच्या सूचनाफलकावर लिहिले होते की, सर्व विद्यार्थ्यांनी आकडे छाटूनच वही सादर करावी.

तेव्हापासून दुकानात रांग असते. मामी विचारतात, पट्ट्या ठेवू का? मामा म्हणतात, रद्दीवाल्याला दे, ज्यांना बाप ठाऊक आहे त्यांना आकडा कशाला.

येथवर क्रमाने वाचत आलात, याबद्दल वाचकांचा शतशः ऋणी आहे. आपला नम्र, ज्याने पट्ट्या दिल्या तोच,

बाइंडरमामा