चाळीस मीटरची पेटी

चष्मेवाल्याने गेल्या आठ दिवसांत पाण्याखाली कॅमेरा कोरडा ठेवणाऱ्या एकतीस पेट्या पाहिल्या होत्या आणि एकही घेतली नव्हती. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काचा चढवून "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?" असं विचारतानाही त्याचं अर्धं लक्ष मोबाईलवर असे. एक पेटी स्वस्त होती, पण ती पेटी कसली, जाड प्लास्टिकची पिशवीच. दुसरी दणकट होती, पण तिच्या किमतीत आतले कॅमेरे दोन आले असते.

पेटी हवी होती बायकोसाठी. ती शाळेत भूगोल शिकवायची. बावीस वर्षं फळ्यावर खडूने समुद्राचा तळ काढल्यावर, सेहेचाळिसाव्या वर्षी तिने स्कूबा डायव्हिंगचा वर्ग लावला होता. येत्या रविवारी ती पहिल्यांदाच खऱ्या समुद्रात बारा मीटर खाली उतरणार होती आणि तिथलं चित्रण आणून दाखवायचं तिने सातवीच्या मुलांना कबूल केलं होतं.

"अहो, घ्या एखादी. रविवार काही तुमच्यासाठी थांबायचा नाही."

"घेतो गं. पण आत पाणी शिरलं तर?"

"तर कॅमेरा जाईल. मी नाही जाणार."

हे ऐकून तो घरभर येरझाऱ्या घालू लागला.

शुक्रवारी त्याने एकदाची पेटी घेतली. जुनी, निम्म्या किमतीत. विकणारा म्हणाला, "चाळीस मीटरपर्यंत बिनधास्त न्या. एकदाच वापरलीय." बसमध्ये बसल्यावर चष्मेवाल्याच्या डोक्यात किडा वळवळला. एकदाच का?

शनिवारी सकाळी बायको शेवटच्या सरावाला गेली. याने पेटीत कागदी रुमाल ठेवला आणि ती बादलीत बुडवली. पेटी बुचासारखी वर आली. मग दहा मिनिटं तो तिच्यावर पाय रोवून उभा राहिला. रुमाल कोरडा ठणठणीत निघाला. दुसरा कुणी असता तर चहा प्यायला बसला असता. पण बादलीतलं पाणी हातभर, आणि समुद्र बारा मीटर! इमारतीच्या आवारात जमिनीखालची टाकी होती, ती निदान तीन मीटर खोल होती.

रुमालाऐवजी त्याने आत कॅमेराच ठेवला, तोही चालू करून. पाणी शिरलंच, तर नेमकं कुठून शिरलं ते तरी दिसेल! पेटी तरंगू नये म्हणून तिला व्यायामाचं डंबेल बांधलं आणि कपडे वाळवायच्या नायलॉनच्या दोरीने ती टाकीत सोडली.

"साहेब, काय सोडताय?" रखवालदाराने मागून विचारलं.

"काही नाही. तपासतोय."

"पाणी?"

"पेटी."

"पेटी पाण्यात कशाला तपासायची?"

याचं उत्तर शोधता शोधता दोरी हातातून सुटली.

रखवालदाराने आधी पंप बंद केला आणि मग बातमी पसरवली. पहिल्या मजल्यावर "टाकीत पेटी पडली" असं कळलं. तिसऱ्यावर पोचेपर्यंत "पेटीत काहीतरी आहे" झालं, आणि वरच्या मजल्यावर "पेटीत कुणीतरी आहे!" टाकीभोवती पंधरा-वीस माणसं जमली. एक जण तर डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत, पंचा गुंडाळून आला होता. इमारतीच्या अध्यक्षीणबाईंचा आवाज त्यांच्या आधीच खाली पोचला.

"टाकी रिकामी करायची म्हणजे दिवसभर पाणी नाही! तुम्हाला दुसरा उद्योग नव्हता?"

कुणी छत्रीची मूठ आत घातली, कुणी लोहचुंबक आणलं. चुंबकही आत पडलं. तेवढ्यात खांद्यावर ओली पिशवी घेऊन बायको फाटकातून आत आली. सगळा प्रकार तिने एका मिनिटात ऐकून घेतला आणि पिशवीतून पाण्याखाली डोळ्यांवर लावायचा काचेचा मुखवटा काढला.

"बॅटरी द्या कुणीतरी."

"अहो बाई, वापरायच्या पाण्यात माणूस उतरवायचा?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"उतरू द्या हो!" साबणवाले कळवळले. "डोळे चुरचुरतायत!"

कमरेला दोरी बांधून ती खाली गेली. बॅटरीचा उजेड डुचमळला आणि दिसेनासा झाला. चष्मेवाला टाकीच्या तोंडाशी गुडघे टेकून आकडे मोजू लागला. वीस झाले, तीस झाले. पस्तिसाला त्याला दम लागला, जणू श्वास त्यानेच धरला होता. चाळिसाला तिचं डोकं वर आलं.

"ही घ्या तुमची पेटी!"

"तू बरी आहेस ना?"

"आधी पेटी तर बघा!"

"मरू दे ती पेटी!" तो असा काही ओरडला, की अध्यक्षीणबाईसुद्धा गप्प झाल्या.

पेटी आतून खडखडीत कोरडी होती. कॅमेरा अजून चालूच होता. सगळे त्याच्या एवढ्याशा पडद्यावर ओणवे झाले. पडद्यावर आधी नुसता काळोख होता, मग बॅटरीच्या उजेडात बोटभर गाळ दिसला. मग एक कंगवा, एक चप्पल आणि कशाचं तरी शेपूट. शेवटी गाल फुगवलेली बायको वरून उतरताना दिसली, पण तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"टाकी गेल्याच महिन्यात धुवून घेतलीय," अध्यक्षीणबाई पुटपुटल्या.

"कशाने?" साबणवाल्यांनी विचारलं.

मग आवारातच सभा भरली. दंडाची गोष्ट कुणी काढलीच नाही. गच्चीवरच्या टाकीचंही चित्रण उद्याच्या उद्या झालं पाहिजे, असं एकमताने ठरलं आणि सगळ्यांची नजर पेटीवर गेली.

"कॅमेऱ्यासकट घेऊन जा," बायको केस पिळत सगळ्यांना म्हणाली.

"अगं, आणि मुलांना काय दाखवशील?"

"फळा आहे की. उद्या मला दोन्ही हात मोकळेच बरे."

रविवारी ती समुद्रात उतरली, तेव्हा चष्मेवाला होडीत इतक्या येरझाऱ्या घालत होता की होडीवाल्याने त्याला दोनदा खाली बसवलं. अर्ध्या तासाने ती वर आली. त्याने हात देऊन तिला ओढून घेतलं.

"काय काय दिसलं?"

तिने डायव्हिंग शिकवणारी बाई जवळपास नाही ना, ते पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पहिली पाच मिनिटं काहीच नाही. डोळे घट्ट मिटले होते."

"बावीस वर्षं वाट पाहून?"

"अहो, फळा एवढा खोल नसतो! मग काचेवर काहीतरी टकटक करायला लागलं. डोळे उघडून बघते, तर हातभर लांब मासा. तोही घाबरून माझ्याकडेच बघत होता."

"मग?"

"मग मी किंचाळले. पाण्याखाली." तिने टॉवेलमध्ये तोंड लपवलं. "बरं झालं बाई, कॅमेरा नव्हता."