फाटक्या पुस्तकांचे परीक्षक

शिर्के सरांच्या हातात नवं पुस्तक दिलं की ते आधी त्याचा वास घेतात. मग डोळ्यांसमोर आडवं धरून कडा बघतात आणि सांगून आलेलं स्थळ नाकारावं तशा अदबीनं परत करतात. "छान आहे. पण वापरलेलं नाही."

हाच न्याय ते जगातल्या सगळ्या वस्तूंना लावतात. आम्ही सुभानपुऱ्यात फ्लॅट घेतला तेव्हा सर वास्तुशांतीला आले होते. जेवले, भिंतींवरून हात फिरवला आणि म्हणाले, "घर सरस आहे. आता वापरा." हा आशीर्वाद की टोमणा, याचा निकाल माझ्या सासूबाईंना अजून लावता आलेला नाही. रावपुऱ्यात छत्री घ्यायला गेले तरी सर दुकानदाराला विचारतात, "आ वपरायेली छे ने?" दुकानदार बिचारा शपथेवर सांगतो की काका, कोरी करकरीत आहे, कुणी हातसुद्धा लावलेला नाही. सरांचा चेहरा पडतो.

सर प्रतापनगरकडच्या एका शाळेत ग्रंथपाल होते. रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या कामगारांची मुलं त्या शाळेत येत. निम्मी मराठी, निम्मी गुजराती, आणि भांडताना सगळी हिंदी. मी तेव्हा नुकतीच सुभानपुऱ्याच्या शाळेत लागले होते. ग्रंथालयशास्त्राची पदवी ताजी होती आणि वर्गीकरणाचे आकडे झोपेतही बरोबर सांगायचे. माझं ग्रंथालय इतकं नीटनेटकं होतं की मुलं दारातूनच नमस्कार करून जात. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा सहज सुचवलं, जरा शिर्क्यांचं ग्रंथालय बघून या.

गेले आणि दारातच थबकले. लग्नाची पंगत उठल्यावर मांडव दिसतो तशी ती खोली दिसत होती. मुलं जमिनीवर पालथी पडून वाचत होती. एक मुलगी एका हातानं बोरं खात होती आणि त्याच हातानं पानं उलटत होती. मी कळवळून म्हटलं, "सर, पुस्तकाला डाग पडेल."

"पडू दे," सर म्हणाले. "डाग पडला म्हणजे गोष्ट पोचली."

बडोद्यातल्या शाळांच्या ग्रंथपालांचा बालपुस्तक पुरस्कार या वाक्यातून जन्मला, असं म्हणायला हरकत नाही. दुसरीकडे पुरस्काराला समिती असते, तज्ज्ञ असतात, शाल-श्रीफळ असतं. आमच्याकडे सर होते. उत्तरायण झालं, पतंगांचे सांगाडे तारांवर लटकायला लागले, की एका रविवारी आम्ही सगळे ग्रंथपाल सरांच्या शाळेत जमायचो. येताना प्रत्येकानं आपल्या ग्रंथालयातलं सगळ्यात फाटकं पुस्तक आणायचं. मुलांनी ज्याची सर्वात जास्त वाट लावली असेल, ते त्या वर्षीचं सर्वोत्तम पुस्तक.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण सरांचं परीक्षण म्हणजे सत्त्वपरीक्षा. नुसतं फाटकं असून भागायचं नाही. मळ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पोचलेला हवा. पहिली पानं मळकट आणि पुढची गोरीपान असली, की सर मान हलवत. पोरांनी अर्ध्यातून सोडलंय, लेखक पुढे कंटाळलेला दिसतो. एकाच मुलानं रागाच्या भरात फाडलेलं पुस्तक तर सरळ बाद. त्याला सर मारामारी म्हणत, वाचन नाही. अनेक हात लागून, हळूहळू, प्रेमानं झिजलेलं पुस्तक पाहिजे. एका वर्षी एका शाळेनं हुशारी केली. नव्याच पुस्तकाला सँडपेपर मारला, पानांवर हळदीची बोटं उठवली आणि साळसूदपणे आणून ठेवलं. सरांनी नाकाशी धरलं आणि खाली ठेवलं. ही कच्ची हळद आहे म्हणाले, पोरांच्या बोटांना भाजीतली हळद असते, तिला फोडणीचा वास येतो. त्या शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी तेव्हापासून सरांना गुरू मानलं.

वासण्याच्या शाळेतली हेतलबेन पहिल्यांदा आली तेव्हाची गोष्ट तर आम्ही अजून सांगतो. पोरगी नवीन, मनानं हळवी. मोठ्या माणसांपुढे न्यायचं म्हणून तिनं आपलं सगळ्यात फाटकं पुस्तक आदल्या दिवशी चिकटवलं, पुसलं, वर प्लास्टिकचं कव्हर घातलं. सर बराच वेळ त्या पुस्तकाकडे बघत राहिले. एखाद्या पैलवानाला पावडर लावून उभा केल्यासारखं ते दिसत होतं. नियमाप्रमाणे बाद झालं आणि हेतलबेन तिथेच रडायला लागली. सरांनी तिच्यासमोर सेव-उसळीची वाटी सरकवली आणि म्हणाले, "रड, पण पुस्तकावर रड. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल."

पहिल्या आलेल्या पुस्तकाला बक्षीस म्हणजे सर स्वतः खळ करून, लाल खादीत, त्याची बांधणी करून देत. लेखकाला एक पोस्टकार्ड जाई, आपलं पुस्तक आमच्या मुलांनी फाडलं, हार्दिक अभिनंदन. एका लेखकांना ते फारच लागलं. त्यांनी नवी प्रत पाठवली आणि सोबत विनंती केली की हिला तरी जपावं. सरांनी ती प्रत त्याच दिवशी पोटल्यात टाकली.

हे पोटलं म्हणजे सरांचं दुसरं प्रस्थ. संस्थानच्या काळात सरांचे आजोबा पुस्तकांच्या पेट्या बैलगाडीतून गावोगाव पोचवत. सरांनी त्याची चादरीतली आवृत्ती काढली. ज्या शाळेत जे पुस्तक जास्त असेल ते चादरीत बांधायचं आणि पुढच्या शाळेला द्यायचं. त्यांनी हवं ते ठेवून घ्यायचं, आपल्याकडचं घालायचं आणि पुढे ढकलायचं. अनेक वर्षं मी हे पोटलं स्कूटरवर पायाशी ठेवून गावभर हिंडवलं आहे. सिग्नलला लोक विचारत, बेन, धुलाईचं काम करता का? मी हो म्हणायचे. तेवढ्या वेळात आणखी काय सांगणार?

काय दिवस होते ते. त्या खोलीतली खडखडणारी पंख्याची पाती, खळीचा आंबूस वास, सेव-उसळीचा तिखट रस्सा आणि भोवती सगळी आपल्यासारखीच पुस्तकवेडी माणसं. आपापल्या शाळेत आम्हाला कोण विचारतं? शिक्षक रजेवर असला की त्याचा वर्ग सांभाळायचा, एवढीच आमची किंमत. पण त्या रविवारी आम्ही राजे असायचो.

सर निवृत्त झाले तरी शाळेनं ती खोली आम्हाला वापरू दिली. सरांच्या पत्नी गेल्या, तेव्हाही पुढच्या उत्तरायणानंतर सर चष्मा पुसत त्याच खुर्चीत बसले होते. यंदा मात्र शाळेनं खोलीत स्मार्ट क्लास केला. पुस्तकं खोक्यांत गेली आणि पुरस्कार रस्त्यावर आला. मी आमच्या शाळेत विचारून पाहिलं. आता नव्या मुख्याध्यापिका आहेत. त्या आनंदानं तयार झाल्या; बॅनर लावू म्हणाल्या, ट्रॉफी देऊ म्हणाल्या. मग मी त्यांना स्पर्धेत आलेली दोन पुस्तकं दाखवली. त्यांनी ती बोटांच्या चिमटीत धरली आणि विचारलं की पाहुण्यांसमोर ही रद्दी ठेवायची का?

सरांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "जवा दे, स्मिता. यंदा राहू दे."

आवाज नेहमीसारखाच होता, पण मला ते बरं वाटलं नाही. वर्षातून तो एकच दिवस होता, जेव्हा सरांना कुणीतरी काहीतरी विचारायला यायचं. तोही गेला तर या माणसाकडे राहिलं काय? मी हेतलबेनला फोन केला. ती म्हणाली, सरांच्याच घरी करू. आता ती हळवी वगैरे राहिलेली नाही, चांगली दांडगी झाली आहे.

सरांनी सपशेल नकार दिला. घर लहान आहे, लिफ्ट बंद असते, पाणी कमी येतं, अशा सबबी एकामागून एक निघाल्या. इतक्या वर्षांत आम्ही कुणीच सरांच्या घरी गेलो नव्हतो. आमची खात्री झाली की घरात भंगार साठलं असणार. मोडक्या खुर्च्या, फुटक्या कपबश्या, तीन छत्र्यांच्या काड्या, सगळं व्यवस्थित वापरलेलं. हेतलबेन म्हणाली, झाडू घेऊनच जाऊ. आणि रविवारी न विचारताच आम्ही सगळे सेव-उसळीचा डबा आणि फाटकी पुस्तकं घेऊन सरांच्या वासण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या घरी धडकलो.

सरांनी दार उघडलं. आमच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि बाजूला झाले.

घर लख्ख होतं. मुलानं कॅनडाहून पैसे पाठवून घेतलेला फ्लॅट. सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं, बसलं की कुरकुरत होतं. आतल्या खोलीत डबल बेडवरची गादीही प्लास्टिकमध्येच. सर स्वतः बाहेरच्या खोलीत एका जुन्या खाटेवर झोपत असावेत, कारण सबंध घरात तेवढीच एक खोलगट झालेली जागा दिसली. आम्ही झाडू मुकाट्यानं दाराआड ठेवला.

सर रस्सा गरम करायला स्वयंपाकघरात गेले. वाट्यांखाली घालायला जुना पेपर हवा होता, तो आतल्या कपाटावर आहे असं त्यांनी सांगितलं. हेतलबेन गेली आणि तिनं कपाट उघडलं. तिचा दोष नाही, ग्रंथपालाला बंद कपाट बघवत नाही.

आत मुलांची मराठी पुस्तकं होती. सगळी कोरी. मी पाठीवरची नावं वाचत गेले आणि मला ओळख पटली. आमची पहिली आलेली पुस्तकं होती ती, वर्षांच्या क्रमानं लावलेली, प्रत्येकाची एकेक नवी प्रत.

"सर, आ बधां तो नवां छे," हेतलबेन म्हणाली.

सर हातात पळी घेऊन दारात उभे होते. "ईराची आहेत," ते म्हणाले.

ईरा म्हणजे त्यांची नात. मग त्यांनी थोडं थोडं करून सांगितलं. दर वर्षी पहिलं आलेलं पुस्तक तिच्यासाठी घ्यायचं, असा त्यांचा नेम होता. सुरुवातीला पाठवायचा विचार होता. पण सून म्हणाली, बाबा, तिला मराठी वाचता येत नाही, तुम्ही कशाला त्रास घेता. ती चांगल्या मनानंच म्हणाली. मग ईरा येईल तेव्हा वाचून दाखवू, असं सरांनी ठरवलं. "येतो म्हणतात. दर वर्षी म्हणतात. खोटं नाही बोलत ते, त्यांना खरंच वाटतं तसं."

हेतलबेननं कडेचं एक लहानसं जाड पानांचं पुस्तक काढलं. त्याचा एक कोपरा पार कुरतडलेला होता. सर पुढे झाले आणि म्हणाले की तेव्हा दात येत होते तिला. रांगत होती. एकदाच आली होती.

हेतलबेननं ते पुस्तक बाहेर नेलं आणि टेबलावर बाकीच्या पुस्तकांच्या रांगेत ठेवलं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. यंदाचा पहिला नंबर कुणाचा, याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं.

सरांनी चष्मा लावला. दुसऱ्या कुठल्याही पुस्तकासारखंच ते तपासलं. वास घेतला, कडा बघितल्या, एकेक पान उलटलं. खूप वेळ लावला.

"बाद," ते म्हणाले. "एकाच वाचकाचं आहे."

हेतलबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी ते पुस्तक आत नेऊन ठेवलं आणि मग रीतसर परीक्षण केलं. पहिला नंबर हेतलबेनच्याच शाळेच्या एका मगरीच्या गोष्टीला गेला. शेवटच्या पानावर कैरीच्या छुंद्याचा असा डाग होता की बघूनच तोंडाला पाणी सुटावं. आम्ही टाळ्या वाजवल्या, रस्सा ओरपला, हसलोही. पण कुणाचं लक्ष नव्हतं.

निघताना मी पोटलं बांधायला घेतलं. सर म्हणाले, थांब. आत गेले आणि दोन्ही हातांत मावतील तेवढी ती कोरी पुस्तकं घेऊन आले. चादरीवर ठेवली आणि पुन्हा गेले. आम्ही मदतीला उठलो तर त्यांनी हातानंच बसवलं. कपाटात तेवढं एक कुरतडलेलं पुस्तक राहिलं.

"एका वाचकासाठी ठेवून बसलो होतो," ते म्हणाले. "नियम मीच केलेला. तुझ्या शाळेत मराठी वाचणारी आहेत ना?"

आहेत, मी म्हटलं. थोडी आहेत. अडखळत वाचतात.

"अडखळू देत. वाचताना काहीतरी खायला दे. तेलकट दे." त्यांनी चादरीची गाठ स्वतः बांधली, दोनदा आवळली. सर पोटल्यावर हात ठेवून उभे होते. "आणि चांगली फाटली की फोटो पाठव. ईराला दाखवीन. म्हणेन, बघ, तुझी पुस्तकं आहेत ही."