झोपून तपासलेल्या गोधड्या

आमच्या मिरजगावात रशिदाभाबी गोधड्या शिवून विकतात, आणि एक दुपार स्वतः अंगाखाली घेऊन झोपल्याशिवाय एकही गोधडी गिऱ्हाइकाला देत नाहीत. तुम्ही कितीही घाई करा. "थांबा, पाठीला इचारून सांगते," एवढंच म्हणतील आणि पत्र्याच्या शेडचं दार लोटून घेतील.

बरं, नुसतं झोपून भागत नाही. गोधडी देताना तिच्यात काय स्वप्न पडलं तेही सांगतात. पोस्टातल्या भाऊसाहेबांना म्हणाल्या, "तुमच्या गोधडीत उसाचं अख्खं रान पाण्यावर तरंगत हुतं, अन् मी त्याच्यावर बसून कर्जतला चालले हुते." भाऊसाहेब इतके खूश, की भर मे महिन्यात घरी जाऊन पांघरून बसले. एका नव्या नवरीला मात्र म्हणाल्या, "तुमच्या गोधडीत सासू आली." ती गोधडी परत द्यायला लागली, तर भाबी शांतपणे म्हणाल्या, "दोरा माझा हाय बाई, साड्या तुमच्या घरच्या. सासू साडीतनं आली."

मी त्यांची शेजारीण, वयानं चार वर्षं मोठी, म्हणून त्यांची आक्का. माझ्या ओट्यावरून शेडची खिडकी दिसते. एका दुपारी लसूण सोलता सोलता सहज बघितलं, तर भाबींचे डोळे टक्क उघडे. संध्याकाळी विचारलं. आधी हसल्या, मग म्हणाल्या, "कुणाला बोलू नगा, आक्का. मला झोप लागतच न्हाई. मालक गेले, पोरी सासरी गेल्या. घरात दुसऱ्या कुणाचा श्वास न्हाई, तर झोपू कशी? गाठ कुठं टोचती ते पाठीला कळतं, ते खरंय. सपनं मी पडल्या पडल्या रचते."

यंदा पुण्याच्या एका दुकानानं जुन्या साड्यांचे गठ्ठे पाठवले आणि चाळीस गोधड्या मागितल्या. दुकानाच्या बाईंनी बजावलं, गुरुवारी चारला टेम्पो येईल. माल वेळेत मिळाला तर वर्षभर काम देऊ, नाहीतर दुसरीकडं बघू. भाबींकडं शिवायला सहाजणी. एरवी सगळ्या कांद्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या. भाबींनी त्यांना शब्द दिला होता, "औंदा कुणी उन्हात जायचं न्हाई."

शिवून सगळ्या झाल्या हो. पण सोमवारी बघितलं, तर पाठीला विचारायच्या बत्तीस राहिलेल्या. मी म्हटलं, "तशाच द्या की. पुण्यात कुणाला कळतंय?"

"मला कळंल," भाबी म्हणाल्या. मग राहिलेल्या मोजत, "सगळ्याजणी झोपू. तुमीबी या."

आता तुम्हाला सांगते, जन्मभर राबलेल्या बाईला दुपारी आडवी हो म्हणणं सोपं नाही. सुमन त्यांच्यात सगळ्यात तिखट. ती म्हणाली, "भाबी, झोपल्याचा रोज कापणार का?"

"जी जागी ऱ्हाईल तिचा कापीन."

पहिल्यांदा सगळ्या लाकडासारख्या ताठ पडल्या. कुणी फिदीफिदी हसतंय, कुणी मोबाईल बघतंय. मग लिंबाची सावली पत्र्यावर सरकली, पंखा घरघरत राहिला, आणि एकेकीचा श्वास लांबत गेला. मला सीना नदी दिसली. पाण्यावर साड्या वाहत निघालेल्या, आणि पलीकडच्या काठावर माझी आई एकेक ओढून घडी घालत होती, तिला कसलीच घाई नव्हती. उठल्यावर सुमन म्हणाली, "मला कायबी दिसलं न्हाई. नुसतं काळं, गारगार."

"पास," भाबी म्हणाल्या.

आठजणी, रोज आठ गोधड्या. भाबी आमच्या मधोमध उताण्या पडून छत बघायच्या. गुरुवारी साडेतीनला मला जाग आली, तर त्या कुशीवर वळलेल्या. तोंड जरासं उघडं, बारीक घोरत होत्या.

आम्ही पाय न वाजवता आपापल्या गोधड्यांच्या घड्या केल्या. चारला टेम्पो आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तशी सुमन हात जोडत धावली. एकोणचाळीस भरल्या. तो म्हणाला, "चाळीस सांगितल्यात, मावशी. मला निघायचंय." सुमननं त्याला चहा दिला. मग आणखी एक दिला.

पावणेपाचला भाबींचा मोबाईल थरथरला. मी बाहेर येऊन घेतला. दुकानाच्या बाई होत्या. "अजून टेम्पो निघाला नाही म्हणे?"

सहाजणी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. वर्षभराचं काम होतं. उठवू का, असं मी सुमनला हातानंच विचारलं. तिनं मान हलवली, नको म्हणून.

"एका गोधडीची तपासणी चाललीय, बाई," मी म्हणाले.

"किती वेळ लागेल?"

"सांगता यायचं नाही. इतकी नीट तपासणी भाबींनी आजवर केली नव्हती."

 बाई म्हणाल्या, "फोन ड्रायव्हरला द्या." त्यानं ऐकून घेतलं, "बरं, सहापर्यंत," म्हणाला आणि इंजिन बंद केलं.

शेडमध्ये आता भाबी एकट्याच होत्या. मी सुमनला बाजूला घेतलं. "आत जा, त्यांच्या शेजारी पड. का ते मला विचारू नकोस."

"मला म्हाईत हाय, आक्का," सुमन म्हणाली. "खिडकी काय तुमच्याच बाजूला हाय व्हय?"

चपला दारात काढून ती आत गेली. तिच्या मागोमाग बाकीच्याही गेल्या.