फोटो काढायला शिडी कशाला?

समोरच्याच्या पोटात काय आहे ते आपण त्याच्या चपलांवरून ओळखतो, असं संशयराव छातीठोकपणे सांगत. ते विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचे. हे नाव अर्थातच ऑफिसनं ठेवलेलं. त्यांना मात्र ती पदवी वाटायची.

अशा माणसाच्या घरातून एका रविवारी सकाळी शिडी बाहेर निघाली. पुढचं टोक वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या खांद्यावर आणि मागचं कॉलेजात जाणाऱ्या लेकीच्या.

"कुठे निघालात?"

"आगगाडीचा फोटो काढायला," अण्णा म्हणाले.

"शिडी घेऊन?"

"कुंपण उंच आहे."

"बाबा, त्या जुन्या इंजिनाची आज शेवटची फेरी," लेक म्हणाली. "मग थेट भंगारात. पहिल्या फेरीचा फोटो आजोबांनी काढलाय, शेवटचाही हवा. वळणावर, अख्खं, कोवळ्या उन्हात. चुकलं तर परत मिळायचं नाही."

दार लागलं. संशयराव बायकोकडे वळले. "ऐकलंस? विचारल्याबरोबर सरळ उत्तर. खोट्या दाव्यांत हेच असतं."

"अहो, दर रविवारी दोघं हेच करतात."

"दर रविवारी तीच जबानी. म्हणजे पढवलेली. लग्नाच्या वयाची मुलगी, शिडी आणि फितूर म्हातारा. आता बोल."

"पळून जायला शिडी? आपण तळमजल्यावर राहतो."

"म्हणूनच तर कुणाला संशय येत नाही."

यावर बायकोनं भाजीत मीठ दुसऱ्यांदा घातलं आणि त्याचा दोषही मनातल्या मनात नवऱ्यावर टाकला.

संशयरावांनी तिचा लाल मफलर तोंडाला गुंडाळला, काळा चष्मा चढवला आणि पाठलाग सुरू केला. वेशांतर इतकं बेमालूम होतं, की कोपऱ्यावरचा पेपरवाला म्हणाला, "काय साहेब, दाढ दुखतेय वाटतं?"

मालधक्क्याच्या पलीकडे कुंपण लागलं. संशयराव झुडपाआड बसले. काटे नको तिथे टोचत होते, पण समोरचं दृश्य त्याहून टोचणारं होतं. कुंपणाला शिडी. शिडीवर लेक. खाली एक दाढीवाला तरुण, पाठीवर चार दिवसांचे कपडे मावतील एवढी बॅग, दोन्ही हातांनी शिडी धरून उभा. आणि अण्णा? अण्णा घड्याळ बघत होते!

दाढीवाल्यानं बॅगेतून काहीतरी काढून वर दिलं. लेकीनं ते कॅमेऱ्याला लावलं, पण संशयरावांना तेवढं दिसलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की लेकीनं एक पाय कुंपणापलीकडे टाकला.

झालं. पोरगी चालली. पलीकडूनच अडवायला हवी. कुंपणाला एक भगदाड होतं, त्यातून ते कुत्र्यासारखे आत घुसले आणि रुळाच्या कडेनं धावत सुटले. तोंडातून आवाज फुटेना म्हणून मफलर ओढून काढला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर फडकवत ओरडले, "थांब! उतर खाली!"

लेक थांबली नाही. त्यांच्या पाठीमागून येणारं इंजिन मात्र थांबलं. रुळालगत माणूस धावतोय आणि हातात लाल फडकं, म्हटल्यावर ड्रायव्हर बिचारा आणखी काय करणार? चाकं किंचाळली, डबे एकमेकांवर आदळले, आणि ते अवाढव्य धूड बरोबर वळणावर येऊन उभं राहिलं.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "रूळ कुठे तुटलाय?"

"रूळ नाही हो, मुलगी..."

"मुलगी रुळावर आहे?"

"शिडीवर."

ड्रायव्हरनं डोकं आत घेतलं. मग त्यानं शिट्टी वाजवली. फाटकावरचा पोलीस धावत आला आणि त्यानं संशयरावांची कॉलर धरली.

"सोडा हो, मी विमा कंपनीत तपासनीस आहे. ते बघा, माझे वडील. शिडीवर माझी मुलगी."

"आणि मफलर कुणाचा?"

"बायकोचा."

"अख्खं खानदान गोवलंय की," पोलीस म्हणाला आणि कुंपणाकडे बघून ओरडला, "ओ आजोबा, हा तुमचा मुलगा आहे का?"

एव्हाना अण्णाही शिडी चढून नातीशेजारी पोचले होते. दाढीवाल्यानं स्वतःचा कॅमेरा काढला होता. कॅमेऱ्यावरचा डोळा कुणीच उचलला नाही.

"आजोबा, वळणावर, अख्खं आणि तेही उभं," लेक कुजबुजली. "फक्त पुढच्या चाकावर सावली पडतेय."

"ओ आजोबा, तुम्हाला विचारतोय मी. मुलगा आहे का तुमचा?"

"ते नंतर बघू," अण्णा कॅमेऱ्याआडून म्हणाले. "आधी त्याला जरा डावीकडे सरकवा."