वाहनविद्या विभागाचे प्रमुख

शिकण्याला वय नसतं, असं शिकवण्याचं वय झालेली सगळीच माणसं सांगतात. या एका वाक्याच्या पायावर आपल्याकडे कितीतरी संस्था उभ्या राहिल्या. मग नाशिकची मैत्री कॉलनी मागे कशी राहील? अंबडच्या कारखान्यांच्या अलीकडे वसलेल्या या कॉलनीत दर गल्लीमागे निवृत्त माणसांचं प्रमाण शहराच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे (ही आकडेवारी कॉलनीतल्याच एका निवृत्त गृहस्थांनी अंदाजाने काढली असून अद्याप कोणी खोडलेली नाही). आणि निवृत्त माणूस म्हटला की ज्ञान आलंच. नोकरीत असताना ते बाहेर काढायला साहेब परवानगी देत नाही. निवृत्तीनंतर मात्र ते दुधासारखं उतू जातं आणि घरातली माणसं गॅस बंद करायला धावतात.

सावळीराम पगारे हे अशांपैकीच एक. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी स्टोअरकीपर म्हणून जन्म काढला. बी.ए.चं दुसरं वर्ष एकदा सुटलं ते सुटलंच, आणि त्याची खंत त्यांनी प्रत्येक चहाच्या वेळी जपली. कॉलेज म्हणजे काय? फी, हजेरी, आणि नातवंडांच्या वयाच्या पोरांशेजारी बाकावर बसणं. प्रौढ माणसाला यातलं शेवटचं सगळ्यात महाग पडतं. म्हणून बिनफीचं, बिनपरीक्षेचं, आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी चालवलेलं एक लोकमहाविद्यालय कॉलनीच्या समाजमंदिरात काढावं, असं त्यांच्या मनात आलं.

असं ते सांगत. खरं कारण दारात ताडपत्रीखाली उभं होतं.

ती त्यांच्या मुलाची, संघर्षची, स्कूटी. संघर्ष नोकरीसाठी पुण्याला गेला आणि गाडी इथेच ठेवून गेला. मुलगी स्नेहा देवळाली कॅम्पात, तिचा नवरा तोफखान्यात. तो सरहद्दीवर आणि ही पहिलटकरीण घरात एकटी, बाळंतपण तिथल्याच लष्करी दवाखान्यात करायचं ठरलेलं. सावळीरामांच्या पत्नी विमलाबाई दर दोन दिवसांनी डबा घेऊन बस बदलत बदलत कॅम्पात जात, आणि संध्याकाळी सुजलेले पाय घेऊन परत येत.

"गाडी दारात गंजती अन् मी स्टॉपवर उभी," विमलाबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर इगतपुरीकडचं, बोलणं सरळ. "मला तरी शिकवा. नायतर तुम्ही सोडा मला कॅम्पात. तुम्हाला येती का नाय गाडी, एकदा सांगून टाका."

"येते गं. मणक्यात गॅप आहे म्हणून चालवत नाही."

सावळीरामांना गाडी येत नव्हती. कंपनीची बस आयुष्यभर कोपऱ्यावर येऊन उभी राहिली, त्यामुळे शिकायची वेळच आली नाही, आणि वेळ गेल्यावर तसं सांगायची लाज वाटू लागली. तो मणका विमलाबाईंनी लग्नापासून शेकला होता. त्यात गॅप असती तर आधी त्यांना कळली असती. पण नवऱ्याची अब्रू चुलीपाशी झाकायची सवय असल्याने त्यांनी भाकरी थापायला घेतली.

महाविद्यालयाची कल्पना सावळीरामांना सुचली ती त्या रात्रीच्या जेवणात, भाकरीचा तुकडा मोडताना. मोठ्या माणसाने जिथे 'मला येत नाही' म्हणावं आणि दुसऱ्याने 'या, दाखवतो' म्हणावं, अशी एक जागा. तिथे स्कूटीचा वर्ग निघेल. बायका शिकतील. आपण व्यवस्था बघण्याच्या निमित्ताने मागे उभं राहायचं आणि मूठ किती पिळतात ते पाहून घ्यायचं. कल्पना मनापासूनची होती, हे इथे मुद्दाम नमूद केलं पाहिजे. ती इतकी चांगली होती की तिची समिती होणं अटळ होतं.

पहिली सभा समाजमंदिरात भरली. पुढाकार पतसंस्थेतून निवृत्त झालेल्या सोमनाथ आहेरांनी घेतला. त्यांच्याशिवाय कॉलनीत नारळसुद्धा फुटत नाही. संस्था सर्वांना परवडावी म्हणून प्रत्येकाने घरून आपापली खुर्ची आणायची, हीच फी, असं ठरलं. (परिणामी हाताच्या खुर्च्या पुढे आणि बिनहाताच्या मागे, अशी वर्गवारी पहिल्याच दिवशी आपोआप झाली.) मग आहेरांनी विचारलं, "शिकवणार कोण कोण?"

झाडून सगळे हात वर गेले. सहादू नावाच्या विमा एजंटाने दोन्ही हात वर केले, कारण त्यांचे विषय दोन होते.

"आणि शिकणार कोण?"

सगळे हात खाली आले. नंतर प्रत्येकाने आपल्या घरातल्या कोणाला तरी पाठवायची तयारी दाखवली.

तिथल्या तिथे मंजूर झालेले काही अभ्यासक्रम असे: 'मधुमेहावर विजय' (व्याख्याते दोन्ही वेळा इन्सुलिन घेत असल्याने अनुभव दांडगा). 'कुटुंबातील संवाद' (हे गृहस्थ सख्ख्या भावाशी फक्त वकिलामार्फत बोलतात). 'शेअर बाजारातून समृद्धी' (व्याख्यात्यांना समाजमंदिरापर्यंत आहेरांनी आपल्या गाडीवरून आणलं, कारण त्यांची स्वतःची विकली गेली आहे). 'वेळेचं नियोजन' (व्याख्याते सभेला पोचू शकले नाहीत, निरोप आला).

सावळीरामांनी घसा खाकरला. "एक स्कूटी शिकवायचा वर्ग असावा. म्हणजे... महिलांसाठी."

"वा! याला म्हणतात दृष्टी!" आहेर म्हणाले. "तुम्हीच शिकवा ना पगारे सर. घरात गाडी आहे, अंबडला एवढी वर्षं यंत्रात काढलीत."

आता बोलायची वेळ होती. तीन शब्दांचं काम होतं. सावळीरामांनी तोंड उघडलं, सगळ्या खुर्च्या त्यांच्याकडे वळल्या, आणि त्या 'सर'ने घात केला. सबंध नोकरीत त्यांना कोणी सर म्हटलं नव्हतं.

"बघू," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. अशा रीतीने गाडी शिकायला निघालेले सावळीराम पगारे वाहनविद्या विभागाचे प्रमुख झाले, आणि कल्पना मूळ त्यांची असल्यामुळे कुलगुरूही. विद्यार्थी म्हणून एकच नाव आलं, विमलाबाई पगारे. त्यांनी स्वतःच येऊन दिलं. "स्नेहाचे दिवस भरायच्या आत मला गाडी आली पायजे," एवढंच त्या म्हणाल्या.

वर्ग दणक्यात सुरू झाला. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांनी करून दिलेला यजमानांचा परिचय, मनोगत, अध्यक्षीय समारोप आणि आभार, असा पाठ असे. मध्ये शिकवायलाही जागा ठेवली होती, पण आभार लांबत. ज्याला बोलावलं त्याला खाली बसवणं बरं दिसत नाही, म्हणून प्राध्यापक व्यासपीठावर बसत. खाली विमलाबाई. दर वेळी एक गुलाबपुष्प वरून खाली येई आणि एक नारळ खालून वर जाई. वर्गात 'अहो' म्हणायचं नाही, 'सर' म्हणायचं, असा ठराव निवृत्त मुख्याध्यापिका वत्सलाबाईंनी मांडला आणि तो एकमताने संमत झाला.

सावळीरामांनी पहिल्या पाठात चाकाचा शोध घेतला. दुसऱ्यात वाहन आणि समाज. तिसऱ्या पाठाला 'ब्रेक: एक जीवनदृष्टी' हा विषय होता आणि तो ऐकून आहेरांच्या डोळ्यांत पाणी आलं. सावळीराम खरोखर छान बोलत. आपल्याला इतकं येतं हे त्यांना स्वतःला नवीन होतं.

"सर," विमलाबाईंनी हात वर केला, "गाडीवर बसायचं कधी?"

"प्रश्न चांगला आहे," सावळीराम म्हणाले. प्राध्यापकाला उत्तर येत नसलं की प्रश्न चांगला असतो. "प्रात्यक्षिक पुढच्या सत्रात. पाया आधी पक्का झाला पाहिजे."

एका दुपारी विमलाबाईंचा डोळा लागलाय असं पाहून त्यांनी ताडपत्री काढली. गाडी स्टँडवरच ठेवून ते सीटवर बसले, दोन्ही मुठी धरल्या आणि हळूच एक पिळली. किल्ली न लावलेली गाडी निमूट उभी राहिली. सावळीरामांनी तोंडाने, अगदी बारीक, आवाज काढला. मान वर केली तर खिडकीत विमलाबाई. त्यांनी घाईने सदऱ्याच्या टोकाने आरसा पुसायला घेतला. विमलाबाई बाहेर आल्या, हातात एक कोरडं फडकं दिलं, आणि आत गेल्या. सावळीरामांचा जीव लाजेने एवढासा झाला. आज संध्याकाळी तिला सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी अभ्यासमंडळाची बैठक निघाली.

स्नेहाचे दिवस भरत आले तशी संस्थेलाही घाई झाली. एकुलती एक विद्यार्थिनी मध्येच लेकीच्या बाळंतपणाला गेली तर निकाल शून्य टक्के लागणार, हे आहेरांनी नजरेस आणलं. त्यावर उपाय म्हणून पदवीदान अलीकडे ओढण्यात आलं. काळा झगा सहादूंच्या वकील मेव्हण्याकडून आला. विमलाबाईंना वाहनविद्येत विशेष प्रावीण्य मिळाल्याचं जाहीर झालं. त्यांनी पदवीची गुंडाळी हातात घेतली, आणि तेवढ्यात झग्याच्या आत कुठेतरी मोबाइल वाजला.

"आई, कळा सुरू झाल्यात," स्नेहाचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोचला (पहिली रांग रिकामी होती, पण व्यासपीठ जवळच होतं). "लवकर ये."

सगळे उभे राहिले. "मग काय, गाडी दारात आणि पदवी हातात!" सहादू म्हणाले.

"अहो, घाबरल्यात त्या," वत्सलाबाई म्हणाल्या. "पगारे सर, तुम्हीच न्या त्यांना गाडीवर."

विमलाबाई झग्यातच वळल्या. "सर" म्हणाल्या नाहीत. "अहो," म्हणाल्या, "काय करायचं?"

सावळीरामांच्या जिभेवर ते तीन शब्द आले. त्यांची लेक तिकडे एकटी होती. बायको समोर उत्तराची वाट बघत उभी होती. मागे अख्खं प्राध्यापकमंडळ, आणि मधोमध माईक.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "माझं अध्यक्षीय भाषण बाकी आहे."

विमलाबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. त्या नजरेत राग असता तर सावळीरामांना बरं वाटलं असतं. त्यांनी झगा काढून खुर्चीवर टाकला, कोपऱ्यावरची रिक्षा केली आणि गेल्या. सावळीराम बोलले. विषय 'जबाबदारी' होता.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. सावळीराम दुसऱ्या दिवशी बसने जाऊन नात पाहून आले. विमलाबाई सव्वा महिना तिथेच राहिल्या. स्नेहाच्या शेजारची अंजली, तीही जवानाचीच बायको, रोज मुलाला शाळेत सोडून स्कूटीवरून येई. विमलाबाई तिला म्हणाल्या, "मला गाडी येत नाय, पोरी."

"येत नाही ना? बसा मग," अंजली म्हणाली.

एवढाच पाठ. प्रास्ताविक नाही, आभार नाहीत. विमलाबाई दोनदा पडल्या, गुडघा फुटला, एकदा रस्त्याकडेच्या मेंदीच्या कुंपणात गेल्या, आणि एक दिवस कॅम्पातल्या मोकळ्या रस्त्यावरून पार टोकापर्यंत जाऊन परत आल्या.

परत आल्यावर त्यांनी ताडपत्री स्वतः काढली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून बॅटरी बदलून घेतली आणि समाजमंदिरासमोरून गाडी सरळ घेऊन गेल्या. "पगारे सरांच्या हाताखाली तयार झालेली!" आहेर ओरडले. संस्थेचा निकाल शंभर टक्के लागला आणि त्याचा फलक लागला.

संध्याकाळी दारात गाडी लावून विमलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळी मैदानावर कोणी नसतं. मी मागून धरते. शिकता का?"

सावळीरामांना फार वाटलं, हो म्हणावं. इतकं वाटलं की डोळे भरून आले. पण विभागप्रमुख आपल्याच विद्यार्थिनीकडे शिकताना दिसला तर संस्थेची पत काय राहील?

"सकाळी व्यवस्थापन परिषद आहे," ते म्हणाले.

विमलाबाई आता नातीला भेटायला हवं तेव्हा जातात. कुलगुरूंनी मागच्या सीटवर बसणंही पदाला शोभत नाही, त्यामुळे सावळीराम बसने जातात. परवा बसच्या खिडकीतून त्यांना विमलाबाई पुढे जाताना दिसल्या. शेजारच्या प्रवाशाला त्यांनी सांगितलं, "माझी विद्यार्थिनी."

मैत्री लोकमहाविद्यालयात सध्या प्राध्यापकांची भरती बंद असून विद्यार्थ्याची एक जागा रिक्त आहे. वयाची, शिक्षणाची, पैशाची अट नाही. 'मला येत नाही' एवढं चारचौघांत मोठ्याने म्हणावं लागेल, बस्स. हे वाचताना तुमच्या मनात कोणाचं तरी नाव आलं असेल, की याला तिथे पाठवायलाच हवं. ते गृहस्थ आमच्याकडे केव्हाच प्राध्यापक म्हणून रुजू झाले आहेत. विद्यार्थी म्हणून त्यांनी तुमचं नाव सुचवलं आहे.